कर्करोगाच्या उपचारांतील दुष्परिणाम : औषधांच्या जोडीला काय करता येते?

नवा रायपुर : कर्करोगाचे निदान झाल्यावर रुग्ण आणि कुटुंबीय उपचार कोणता, खर्च किती, आयुष्य किती याच प्रश्नांभोवती गुंतलेले असतात. प्रत्यक्ष उपचार सुरू झाले की मात्र रोजची लढाई वेगळीच असते. तोंडात फोड येतात, अन्नाचा वास नकोसा होतो, चार पावले चालल्यावर थकवा येतो, आरशात पाहवत नाही. अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, त्यामागे आर्थिक अडचणींइतकाच हा त्रासही असतो. या त्रासावर औषधे आहेतच. पण व्यायाम, आहार, मुखनिगा, थंडावा आणि मनाचा आधार अशा बिगर-औषधी उपायांनाही आता आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत स्थान मिळाले आहे.

छत्तीसगडमध्ये या विषयाला विशेष महत्त्व आहे. रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्र अनेक वर्षांपासून कार्यरत आहे. वेदांत मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या वतीने नवा रायपुर येथे 2018 मध्ये 170 खाटांचे बाल्को मेडिकल सेंटर सुरू झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी येथे एकाच छताखाली मिळतात. राज्यात तंबाखूचे व्यसन मोठे आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात येथील सुमारे 39 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले होते. खैनीबरोबरच तंबाखूयुक्त ‘गुडाखू’ दातांना लावण्याची सवय येथे घराघरांत, स्त्रियांमध्येही आढळते. त्यामुळे मुखकर्करोग आणि त्याच्या उपचारांतून उद्भवणारा तोंडाचा त्रास हा या भागाचा कळीचा प्रश्न आहे.

दुष्परिणाम का होतात?

केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्कपेशी तशा असतातच. पण तोंडाचे व आतड्याचे अस्तर, केसांची मुळे आणि अस्थिमज्जा यांतील निरोगी पेशीही वेगाने वाढतात. त्यामुळे फोड, जुलाब, केस गळणे आणि पांढऱ्या पेशी घटणे हे परिणाम दिसतात. किरणोपचाराचा परिणाम मुख्यतः ज्या भागावर किरण सोडले जातात तेथे होतो.

तोंडाची निगा

डोके व मानेच्या कर्करोगात किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटू लागते. याच टप्प्यावर रुग्ण ‘दोन दिवस विश्रांती घेतो’ म्हणून घरी थांबतो आणि तेथेच मोठे नुकसान होते. या कर्करोगात उपचाराचा कालावधी एका दिवसाने लांबला, तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे मानले जाते.

एक लिटर पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा मिसळून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. ब्रश मऊ असावा. तिखट, आंबट व फार गरम पदार्थ टाळावेत. तंबाखू, गुडाखू आणि सुपारी पूर्ण बंद करावी. फाइव्ह-फ्लुरोयुरासिल हे औषध शिरेतून एकदम दिले जाते तेव्हा सुमारे अर्धा तास तोंडात बर्फ धरल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तोंडाच्या अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते आणि फोड कमी येतात. काही केंद्रांत यासाठी कमी तीव्रतेच्या लेसर प्रकाशाचाही वापर होतो.

जबडा आखडणे हा या रुग्णांचा दुसरा मोठा त्रास. तोंड 35 मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागले की घास घेणे, दात घासणे आणि तपासणी करून घेणे अवघड होते. म्हणून जबड्याचे व गिळण्याचे व्यायाम उपचारांच्या सुरुवातीपासूनच शिकून घ्यावेत आणि उपचार संपल्यावरही चालू ठेवावेत.

थकव्यावर विश्रांती नव्हे, हालचाल

‘अशक्त आहे, पडून राहू दे’ हा घरोघरी प्रेमापोटी दिला जाणारा सल्ला बहुधा चुकीचा ठरतो. पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि थकवा वाढतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास झपझप चालण्यासारखा व्यायाम केल्यास कर्करोगजन्य थकवा कमी होतो. त्याला स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची जोड दिल्यासही लाभ होतो. अशक्त रुग्णाने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. हाडांत रोग पसरला असेल किंवा रक्तकण फार घटले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘त्या हाताने काहीच उचलायचे नाही’ हा समजही तपासून पाहिला गेला आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वजन उचलणाऱ्या महिलांची हाताची सूज वाढली नाही. सूज आल्यास दाबपट्टी, विशिष्ट मालीश, त्वचेची काळजी आणि व्यायाम यांचा एकत्रित उपयोग होतो.

आहार आणि मळमळ

थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी खावे. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल तर कोमट किंवा थंड पदार्थ घ्यावेत. मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मधोमध दाब दिल्याने काहींना मळमळीत आराम पडतो. मात्र उलटी रोखणाऱ्या गोळ्यांना तो पर्याय नाही.

छत्तीसगडचा आवडता आहार ‘बोरे बासी’ म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. एरवी थंडावा देणारा हा पदार्थ पांढऱ्या पेशी घटलेल्या काळात टाळणे सुरक्षित, कारण उघड्यावर राहिलेल्या भातात जिवाणू वाढतात. त्याऐवजी ताजी पेज, मऊ वरण-भात किंवा नीट शिजवलेले अंडे द्यावे.

केस आणि मन

केमोथेरपीपूर्वी, दरम्यान व नंतर डोक्यावर शीत टोपी घातल्यास केसांच्या मुळांकडील रक्तप्रवाह घटतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. टोपी वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांचे केस मोठ्या प्रमाणात टिकले. टोपी न वापरणाऱ्यांत असे कोणाच्याही बाबतीत घडले नाही. रक्ताच्या कर्करोगात मात्र ही पद्धत वापरत नाहीत.

चिंता आणि नैराश्य ही ‘मनाची कमजोरी’ नसून उपचारांचाच भाग म्हणून पाहायला हवीत. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2023 मध्ये या लक्षणांसाठी सजगता-ध्यान, योग, विश्रांती-तंत्रे आणि संगीतोपचार यांची दखल घेतली. रायपूरच्या रुग्णालयांपासून दूरच्या गावांत राहणाऱ्यांसाठी तर सोबत येणारा नातेवाईक हाच पहिला समुपदेशक असतो.

सावधगिरीची सीमारेषा

हे सर्व उपाय उपचारांच्या जोडीचे आहेत, उपचारांऐवजी करण्याचे नाहीत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या रुग्णांचा मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत अडीच पट आढळला. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेली काढे-चूर्णेही निरुपद्रवी असतीलच असे नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवली आहेत. म्हणून घरी काय घेतो हे डॉक्टरांपासून लपवू नये.

केमोथेरपी सुरू असताना ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, रक्तस्राव झाला, धाप लागली किंवा दिवसभर पाणीही पोटात टिकले नाही, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच वेळी रुग्णालय गाठावे. इतर त्रासांत गुळण्या, चालणे, ताजे अन्न आणि धीराचे चार शब्द यांचा खर्च नगण्य आहे. ठरलेले उपचार ठरलेल्या वेळेत पूर्ण होणे, हे त्यांचे खरे फलित.