थंड पिशवी: भुशापासून फोमपर्यंत



डबा थंड ठेवणारी छोटी मऊ पिशवी रोजच्यासाठी घ्यावी का, असं नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा आपण ऑफिसात नाहीतर लोकलमध्ये असतो. म्हणजे सूर्यास्तापूर्वीचं जेवण सकाळीच घेऊन निघायचं. ते टिकणार कसं?

उत्तर शोधता शोधता मी 1833 सालापर्यंत गेले. त्या वर्षी मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज अमेरिकेतल्या बोस्टनहून कोलकात्याला निघालं. माल काय, तर 180 टन बर्फ! विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते पोहोचलं तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. शीतयंत्र नव्हतंच. व्यापारी फ्रेडरिक ट्युडर याचं कसब एवढंच, की बर्फ फट न ठेवता रचायचा आणि भोवती लाकडाचा भुसा, झाडाच्या सालीचा चुरा असं काहीतरी कोरडं भरायचं. त्यात हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णतेला सावकाश वाट देते. पुढे मुंबईतही हा बर्फ येऊ लागला. चेन्नईतलं त्याचं बर्फघर तर आजही उभं आहे, आता विवेकानंदांच्या नावाने. (आपल्या अभक्ष्यांत गारा आणि हिम दोन्ही. आपल्या पणज्यांनी या विलायती बर्फाला काय म्हटलं असेल!)

हातात धरून नेण्याच्या कूलर पेटीच्या पेटंटसाठी इलिनॉयच्या रिचर्ड लॅरामीने 1951 मध्ये अर्ज केला.  मऊ पिशवीत भुशाच्या जागी बारीक बंद बुडबुड्यांचा फोम आला, बाकी युक्ती तीच.

म्हणून दुकानात मी चकचकीत अस्तराला भुलत नाही. पिशवी चिमटीत धरून फोम किती जाड आहे ते बघते. झाकणातही फोम हवा, बऱ्याच पिशव्यांत तिथे नुसतं कापड असतं. अस्तराला आतून शिवण असेल तर नको, कारण ताक सांडलं की तिथे मुरतं आणि वास जात नाही. आणि आकार आपल्या डब्यांना नेमका बसेल एवढाच, ट्युडरच्या बर्फासारखा गच्च.

पण पिशवी स्वतः थंडावा तयार करत नाही. नुसत्या पिशवीत ठेवलेलं माझं दही संध्याकाळपर्यंत आंबलंच. गोठवलेलं बंद जेल पॅक वर ठेवलं तेव्हा टिकलं, कारण थंड हवा खाली उतरते. पॅक अन्नाला लागत नाही, तरी ते वापरावं का हे ज्या त्या घराने ठरवावं.

मोठा धोका वेगळाच आहे. सकाळची गरम भाजी थेट पिशवीत घातली, तर फोम तिची उष्णताही तितक्याच इमानाने राखतो. भाजी तासन्‌तास कोमट राहते, आणि 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. चलित रसाला आमंत्रणच! भाजी आधी पूर्ण निववायची, थंड करायची, मगच पिशवीत. आणि मर्यादा मोजायची ती शिजवल्या वेळेपासून, पिशवीत ठेवल्या वेळेपासून नव्हे. थंड पदार्थाचा वास उशिरा येतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवू नका.

दशम्या, खाखरे, कोरडी चटणी असेल त्या दिवशी मी पिशवी घरीच ठेवते. इतर दिवशी रात्री पुसून, उघडी, उलटी करून गॅलरीत.