रिमोट आणि लिनक्स संगणक

दूरचित्रवाणीच्या रिमोटने लिनक्स संगणकही चालवता येतो. त्यासाठी अवरक्त किरण टिपणारा रिसीव्हर संगणकाला जोडावा लागतो. रिमोटचे संकेत उलगडण्यासाठी पूर्वी ‘एलआयआरसी’ ही स्वतंत्र प्रणाली बसवावी लागे. २०१० मध्ये ही सोय लिनक्सच्या कर्नेलमध्येच आली.

‘आयआर-कीटेबल’ या साधनाच्या चाचणीत कळ दाबताच तिचा सांकेतिक क्रमांक पडद्यावर उमटतो. काहीच न उमटल्यास रिमोट बिघडला असे लगेच समजू नये. ‘आरसी-५’, ‘एनईसी’ अशा संकेतपद्धती निरनिराळ्या असून, रिमोटची पद्धत आधी सुरू करावी लागते.

नंतर प्रत्येक क्रमांकापुढे त्याची कृती लिहून तक्ता तयार करावा. त्याची नोंद ‘आरसी-मॅप्स’ फाइलीत केली नाही, तर संगणक पुन्हा सुरू होताच कर्नेल तो विसरते.