बर्फानंतरचं पहिलं फूल आणि लाहोरहून आलेली विद्या

चंडीगड म्हटलं की ल कॉर्बुझिए आठवतो. आज मात्र मी या शहराची गोष्ट एका इवल्याशा फुलापासून सुरू करणार आहे.

प्रिम्युला डेंटिक्युलाटा. ‘प्रिम्युला’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दावरून आला. आपलं कास पठार फुलतं ते पावसामुळे. हिमालयातलं हे फूल बर्फ वितळू लागलं की लगेच डोकं वर काढतं. वीतभर दांडा आणि त्यावर जांभळट फुलांचा गोल चेंडू. ‘डेंटिक्युलाटा’ म्हणजे बारीक दातेरी. हे दाते पानांच्या कडेला असतात.

सपाटीवरच्या चंडीगडच्या रानात ते सापडणार नाही. त्यासाठी शिमल्याच्या डोंगरांत जावं लागतं. तिथल्या वनस्पतींवरचं हेन्री कॉलेट यांचं ‘फ्लोरा सिमलेन्सिस’ १९०२ साली निघालं. कॉलेट लष्करी अधिकारी होते. पुस्तक आलं तेव्हा ते हयात नव्हते.

पुढे पंजाबात या विद्येचं केंद्र झालं लाहोर. शिवराम कश्यप यांनी तिथे राहून पश्चिम हिमालय पायाखाली घातला. १९३४ मध्ये ते गेले. लाहोर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा आणि अमरचंद जोशी यांचा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग १९४७ आलं. १८८२ साली स्थापन झालेलं विद्यापीठ लाहोरात राहिलं आणि शिमल्याचे डोंगर भारतात आले. भारतातल्या पंजाबाला नवं विद्यापीठ उभारावं लागलं. त्याचं कार्यालय सोलनला होतं आणि विभाग गावोगावी विखुरलेले. ते चंडीगडला स्थिरावत असताना, १९५७ पासून, कुलगुरू होते तेच अमरचंद जोशी. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे. आणि शहरातल्या रस्त्यांवर कोणती झाडं लावायची, यात पुढाकार होता महिंदरसिंग रंधावा यांचा. हे सनदी अधिकारी स्वतः शेवाळांचे अभ्यासक.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं. वाळवून कागदावर चिकटवलेल्या रोपट्याखाली जागा, उंची आणि तारीख लिहिलेली असते. हवामान तापतंय, फुलं लवकर येतात का, वर सरकतात का, हे तपासायला जुन्या तारखाच लागतात. फूल दर वसंतात परत येतं. हरवलेली नोंद येत नाही. म्हणून फाळणीचा हिशेब करताना घरं आणि जमिनींसोबत हे कागदही मोजायला हवेत.