चाळीसच्या वर नेऊ नका

गेल्या दसऱ्याला वाघोलीत आमच्या सोसायटीत एक नवी मोटार आली. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, सगळे यथासांग झाले. पेढा देता देता शेजारच्या मुलाने विचारले, "काका, तुम्ही जुनी पुस्तकं जमवता ना? मग सांगा, पहिलं ऑइल हजारला बदलायचं का? शोरूमवाले म्हणतात, आता गरज नाही, दहा हजारला बघू." तोंडात पेढा होता म्हणून मी लगेच बोललो नाही. ते बरेच झाले, कारण मला खात्रीचे उत्तर येत नव्हते.

मी इंजिनिअर नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून गाड्यांची माहितीपुस्तके, सर्व्हिसची कुपने, गॅरेजची बिले उचलून आणण्याची मला खोड आहे, एवढेच. त्या ढिगात एक सूचना पुन्हा पुन्हा भेटते. नवी गाडी सुरुवातीला जपून चालवा, आणि पहिले तेल लवकर काढून टाका. गॅरेजच्या भाषेत याला नुसते 'रनिंग' म्हणतात. गाडी रनिंगमध्ये आहे, म्हणजे ती अजून मोकळी व्हायची आहे.

हे 'मोकळे होणे' काय असते? सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर मुद्दाम बारीक तिरपे, एकमेकांना छेदणारे ओरखडे काढतात. त्या चरांत तेल टिकते. ओरखड्यांच्या माथ्यावरची टोके पिस्टनच्या रिंगा पहिल्या काही तासांत घासून बसवतात, रिंगाही त्या भिंतीच्या मापाने घासल्या जातात. या घासण्यातून निघालेली धातूची बुकटी तेलात उतरते. ज्यांच्या घरी जाते होते त्यांना हे वेगळे सांगायला नको. जात्याला टाकी लावली की पहिले पीठ कुणी भाकरीला घेत नसे, त्यात दगडाची कच येई. इंजिनातले पहिले तेल म्हणजे तेच पहिले पीठ.

आपल्याकडे हा नियम घरोघर पोचला तो कारखान्यांबरोबर. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली स्थापन झाली, तिचा कारखाना कुर्ल्याला. 1946 साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. तिच्या इंजिनांनी विहिरीवरची मोट मागे टाकली. पुढे टेल्को पिंपरी-चिंचवडला आली, आकुर्डीत बजाजचा कारखाना आला आणि 1972 मध्ये चेतक निघाली. पुण्याच्या आसपास इंजिन हा शब्द बारशाच्या यादीत बसावा इतका घरगुती झाला.

पण घरात आलेला नियम कारखान्याने लिहिलेला नियम नव्हता. पुस्तिका सांगत होत्या की इंजिन फार पळवू नका, आणि वरच्या गिअरमध्ये धापा टाकायलाही लावू नका. एकाच वेगाने सतत चालवू नका, वेग बदलता ठेवा. लोकांच्या लक्षात राहिला तो एक आकडा, चाळीस. याचे कारण मला तंत्रात नाही, टंचाईत दिसते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर ती लवकर मिळे. नोंदणी केली तेव्हा पाळण्यात असलेले पोर स्कूटर दारात येईपर्यंत शाळेत जाऊ लागलेले असे. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेल्या वस्तूला माणूस सोवळ्यातच ठेवणार. वडिलांनी आमची पहिली स्कूटर महिनाभर सायकलीच्या मागून चालवली, असे आई म्हणत असे.

गंमत अशी की त्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या इंजिनात बदलायला तेल नव्हतेच. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल त्याच्याबरोबर जळून जाई. सर्व्हिसला बदलत ते गिअरचे तेल. काही भाविक मंडळी नव्या गाडीला पेट्रोलमध्ये चमचाभर तेल जास्तच घालत. मग प्लग काळा पडे, आणि भल्या सकाळी गृहस्थ स्कूटर तिरकी करून उभे असत.

हळू म्हणजे चांगले, हेही अर्धेच खरे. रिंगेला भिंतीवर दाबून धरण्यात तिच्या स्वतःच्या ताणापेक्षा जळलेल्या वायूच्या दाबाचा वाटा मोठा असतो. इंजिनावर भारच पडला नाही तर रिंग नीट बसत नाही. भिंत काचेसारखी चकचकीत होते आणि इंजिन तेल पिऊ लागते. डिझेल जनरेटर कमी भारावर तासन्‌तास चालवू नये म्हणतात ते याचसाठी. थोडा भार हवा, पूर्ण भार नको. पण हा मधला मार्ग सगळ्यांना परवडतो असे नाही, आणि ही गोष्ट मला एकाही पुस्तिकेत सापडली नाही. ती मामांकडून कळली.

वाघोली महापालिकेत आली 2021 साली. त्याआधी ही ओळखली जायची दगडखाणींसाठी. मामांचा एक टिपर इथल्या खाणीवर होता. माझे कॉलेज चालू असतानाची गोष्ट. इंजिन धूर टाकू लागले म्हणून त्यांनी कर्ज काढून ते बोअर करून घेतले, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या. मेस्त्रीने बजावले, "आठ दिवस अर्धी गाडी भरा, चाळीसच्या वर नेऊ नका, मग तेल काढा." खडी ब्रासवर मोजली जाते आणि भाडे खेपेवर मिळते. अर्धी गाडी म्हणजे अर्धे पैसे, डिझेल मात्र जवळजवळ तेवढेच, आणि हप्ता पूर्ण. दोन दिवस मामांनी पाळले. तिसऱ्या दिवसापासून गाडी काठोकाठ भरू लागली. नवव्या दिवशी खाणीतून वर चढताना पिस्टन चिकटला. टिपर विकला, कर्ज राहिले, आणि पुढची वीस वर्षे मामांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. रनिंगच्या इतिहासात मला हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला थांबणे परवडत होते त्याचे इंजिन टिकले.

आता ते घासण्याचे काम बरेचसे कारखान्यानेच अंगावर घेतले आहे. ओरखड्यांची टोके तिथेच छाटून सपाट करतात, मापे अधिक काटेकोर झाली, तेलाचे फिल्टर आणि खुद्द तेल सुधारले. तरी मोकळे होणे संपलेले नाही. युरोपातल्या धुराच्या चाचणीच्या नियमांत मोटार आधी किमान 3000 किलोमीटर चाललेली असावी अशी अट होती. कोऱ्या इंजिनाचे आकडे खरे मानायला कायदाही तयार नव्हता.

शेजारच्या मुलाला मी एवढेच सांगितले की तुझ्या गाडीचे पुस्तक म्हणते ते कर. पहिले काही दिवस द्रुतगती मार्गावर एकाच वेगाने मुंबई गाठू नकोस, गार इंजिन रेटू नकोस. मनाला स्वस्थता हवी असेल तर हजारला तेल बदल, नुकसान काही नाही. त्याने बदलले आणि काढलेले तेल बाटलीतून मला आणून दिले. मी त्यात लोहचुंबक बुडवला. टोकाला काळी साय धरली, पुसली तर कागदावर जेमतेम टिकलीएवढी.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी दोन बोटांत तेल घेऊन उन्हात चोळून पाहिले आणि विचारले, "केवढ्याला पडलं हे?" मी आकडा सांगितला. त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट लावले आणि म्हणाले, "फेकू नका. दाराच्या बिजागऱ्यांना होईल."