चावीचा ग्रामोफोन आणि गंगूबाईंचा सूर

धारवाडहून बेळगावच्या वाटेस लागले म्हणजे बेलूर लागते. आज तेथे कारखान्यांची वसाहत आहे. परंतु या मुलखात यंत्रांचा विषय निघाला, की मला आठवतो तो चावीचा ग्रामोफोन.

१९३२ च्या सुमारास हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या पहिल्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यांतील आवाज बारीक व उंच आहे. पुढे घशाच्या उपचारांनंतर तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. आता समजा, थकलेल्या यंत्रावर ती तबकडी मिनिटास ७८ ऐवजी ७३-७४ फेरेच घेऊ लागली. सूर अर्ध्या स्वराने उतरतो आणि ऐकणारा म्हणतो, ‘बाईंचा आवाज मुळातच खालचा!’ इतिहास असाही बिघडतो.

म्हणून आधी यंत्र तपासावे. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवून घड्याळावर फेरे मोजावेत, तेही सुई टेकलेली असताना. कारण सुईच्या घर्षणाने वेग घटतो. गती कमी भरली तर वेगाचा स्क्रू पिळण्याची घाई नको. पुष्कळदा दोष वाळलेल्या ग्रीजचा असतो. स्प्रिंगच्या डब्यात ते गोंदासारखे धरते, मधूनच धप्प असा आवाज होतो आणि सूर हेलकावतो. डबा उघडणे मात्र जाणत्याचेच काम. गुंडाळलेले पोलादी पाते सुटले तर हात फाडते. वेग आवरणारी वजने ज्या पातळ पट्ट्यांवर बसतात, त्यांतील एक जरी तडकली तरी स्वर थरथरतो, आणि तो कंप बिचाऱ्या गायिकेच्या माथी बसतो. पोलादी सुई तर दर बाजूस नवी हवी. हे सर्वांस ठाऊक असते; पाळतो कोण?