रिकामे सिंहासन आणि कारभाऱ्याची निष्ठा : डेनेथोरच्या चरित्राचा विचार

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या कादंबरीत गोंडोर राज्यावर सत्ता चालवणारा अखेरचा कारभारी म्हणजे डेनेथोर दुसरा. अहंकार आणि नैराश्य यांनी बुद्धी भ्रष्ट झालेला वृद्ध, अशी त्याची प्रतिमा रूढ आहे. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कारण ते कथनातील मोजक्या दिवसांवर उभे आहे. पिप्पिन हा निरीक्षक राजधानीत, मिनास तिरिथ येथे पोचतो तो तिसऱ्या युगातील ३०१९ सालच्या ९ मार्चला. डेनेथोर स्वतःला जाळून घेतो तो १५ मार्चला. ८९ वर्षांच्या आयुष्यातील हा जेमतेम एक आठवडा. उरलेले आयुष्य टॉल्किन यांनी तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टांत, शकावलीच्या अलिप्त शैलीत नोंदवले आहे. ही दोन्ही निवेदने एकत्र वाचली म्हणजे प्रश्न केवळ व्यक्तिस्वभावाचा राहत नाही. तो पदाच्या स्वरूपाचा होतो.

गोंडोरचा राजा एआर्नूर २०५० साली शत्रूचे आव्हान स्वीकारून मिनास मॉर्गुलकडे गेला आणि परतला नाही. त्याचा मृत्यू पाहणारा कोणी नसल्यामुळे कारभारी मार्डिल राजाच्या नावाने राज्य पाहू लागला. पुढे ९६९ वर्षे ही व्यवस्था टिकली. डेनेथोर हा या मालिकेतील सव्विसावा. प्रत्येक कारभारी ‘राजा परत येईपर्यंत’ सत्ता सांभाळण्याची शपथ घेई. सिंहासनाच्या पायऱ्यांखाली काळ्या दगडाचे साधे आसन, हाती पांढरा दंड, चिन्हविरहित पांढरा ध्वज : ही त्याची पदचिन्हे. मुकुट नाही, राजदंड नाही. परंतु शपथेचे शब्द लवकरच निव्वळ विधी बनले आणि कारभाऱ्यांनी राजाचे सर्व अधिकार वापरले, अशी नोंद परिशिष्टच करते.

कारभाऱ्याला राजा व्हायला किती शतके लागतात, असे बोरोमिरने बालपणी पित्याला विचारले होते. इतरत्र थोडी वर्षे पुरतील, गोंडोरमध्ये दहा हजारही पुरणार नाहीत, असा डेनेथोरच्या उत्तराचा आशय. ‘इतरत्र’ची उदाहरणे युरोपच्या इतिहासात आहेत. फ्रँक राज्याचा महालप्रमुख पेपिन ७५१ मध्ये धन्याला बाजूस सारून राजा झाला. स्कॉटलंडमध्ये वंशपरंपरेने कारभारीपद सांभाळणाऱ्या घराण्यातील रॉबर्ट दुसरा १३७१ मध्ये गादीवर आला आणि ‘स्ट्यूअर्ट’ हे पदनामच राजवंशाचे नाव ठरले. मराठी वाचकाला मात्र वेगळे उदाहरण जवळचे वाटेल : सर्व सत्ता हाती असूनही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घेणारे पेशवे. तेथे छत्रपती निदान प्रत्यक्ष होते. रामाच्या पादुका ठेवून नंदिग्रामातून राज्य पाहणाऱ्या भरताच्या विश्वस्तपणालाही चौदा वर्षांची मुदत होती. गोंडोरच्या कारभाऱ्यापुढे ना व्यक्ती आहे, ना मुदत.

म्हणूनच डेनेथोरच्या उत्तरात दोन अर्थ एकाच वेळी नांदतात. सिंहासनाला हात न लावण्याची निष्ठा त्यात आहे; ते सदैव रिकामेच राहील ही खात्रीही आहे. अनुपस्थित राजावरील निष्ठा कारभाऱ्याच्या सत्तेला वैधता देते, परंतु त्यासाठी राजाने अनुपस्थित राहणेच आवश्यक ठरते. या अंतर्विरोधाला पूर्वेतिहासही आहे. कारभाऱ्यांची सत्ता सुरू होण्यापूर्वीच, १९४४ साली राजा आणि त्याचे दोन्ही पुत्र युद्धात पडले, तेव्हा उत्तरेकडील आर्वेदुईचा वारसाहक्क नाकारण्यात कारभारी पेलेंडूर अग्रभागी होता. डेनेथोर आरागॉर्नला नाकारतो तेव्हा तो हाच जुना निर्णय पुढे चालवत असतो.

त्याचे व्यक्तिगत आयुष्य या पेचात घट्ट गुंतलेले आहे. पिता एक्थेलिऑन याच्या पदरी थोरोंगिल नावाचा परका सरदार होता; लोकांच्या मनात आणि पित्याच्या मर्जीत डेनेथोरचे स्थान त्याच्या खालचे राहिले. हा थोरोंगिल म्हणजेच आरागॉर्न, आणि डेनेथोरने ते ओळखले असावे, असे शकावली सुचवते. २९८४ साली तो कारभारी झाला. चार वर्षांनी पत्नी फिंडुइलास वारली. त्यानंतर तो अधिक एकाकी, अधिक कठोर झाला आणि मनोऱ्यातील पलांतीर या दूरदर्शी गोलकात पाहू लागला.

गोलकाच्या प्रसंगाचे महत्त्व संहितेच्या अर्थनिर्णयाशी निगडित आहे. सॉरॉन डेनेथोरचे मन जिंकू शकला नाही; टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मधील टिपणानुसार, कारभारी या नात्याने गोलक वापरण्याचा अधिकार हे त्याच्या प्रतिकाराचे एक कारण होते. गोलकाने त्याला खोटे दाखवले नाही. निवडक खरे दाखवले. काळ्या शिडांची गलबते खरोखरच येत होती. त्यांवर शत्रू नसून आरागॉर्न होता, हे मात्र त्याला उमगले नाही.

पण उमगले असते तर तो वाचला असता काय? अखेरच्या संवादात तो पराभवाची अटळता सांगतो, तसेच विजय मिळाला तरी उपऱ्या राजाचा दुय्यम सेवक होणार नाही, असेही बजावतो. त्याला हवे आहे ते पूर्वजांच्या काळी होते तसेच सर्व काही. तेव्हा निराशा हे त्याच्या विनाशाचे एकमेव कारण नव्हे. १९५६ च्या सुमारास लिहिलेल्या एका टिपणात टॉल्किन यांनी डेनेथोरच्या अपयशाचे मूळ राजकारणात शोधले आहे : गोंडोरची राज्यव्यवस्था टिकवणे हेच त्याचे साध्य झाले होते. तो दंड मोडतो आणि जखमी फारामिरलाही चितेवर घेऊ पाहतो. पदाबरोबर वारसाही संपवण्याची ही कृती त्याच तर्काचे टोक आहे.

कादंबरीचा निर्णय मात्र निराळा आहे. वाचलेला फारामिर राज्याभिषेकाच्या वेळी आरागॉर्नपुढे पद सोडण्यास उभा राहतो, तेव्हा आरागॉर्न दंड त्याच्या हाती परत देतो आणि वंश चालेल तोवर ते पद त्याच्या घराण्याकडेच राहील, असे जाहीर करतो. ज्या घटनेने कारभारीपद संपेल असे डेनेथोरने मानले, तिनेच ते पुनःस्थापित केले. फारामिरने शपथेचे शब्द अक्षरशः घेतले. डेनेथोरने त्यांचा केवळ विधी जपला होता.