झाकण आणि वाफेची वाट

राजांच्या तलवारी, तह आणि वंशावळी यांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. ज्या भांड्यांतून मनुष्यजातीने रोजचे अन्न शिजवून खाल्ले, त्यांचा इतिहास मात्र क्षुद्र म्हणून आपण सोडून देतो. त्यातही झाकणासारख्या वस्तूचा इतिहास असू शकेल, ही कल्पनाच पुष्कळांस हास्यास्पद वाटेल. तथापि झाकण, त्याखाली कोंडलेली वाफ आणि त्या वाफेस ठेवलेली वाट या तिहींच्या संबंधाचा विचार केला, तर त्यातून गेल्या साडेतीनशे वर्षांच्या यंत्रविद्येचा एक मोठा धडा निघतो. आज घरोघरी आलेल्या मायक्रोवेव्हच्या पेटीपुढे उभे राहताना तो धडा फार उपयोगी पडतो, म्हणून वाचकांपुढे आम्ही तो ठेवीत आहोत.

प्रथम साधे झाकण घेऊ. चुलीवरच्या भाताच्या पातेल्यावर ताटली ठेवली की थोड्या वेळाने ती थडथडू लागते. आत वाफ साचते, ताटली किंचित उचलते, वाफ फस्सकन निसटते आणि ताटली पुन्हा बसते. म्हणजे साधे झाकण ही एक झडपच होय. त्याचे वजन हेच वाफेवरचे बंधन आणि त्याचे उचलले जाणे हीच वाफेची वाट. आपल्या बायका भाजीवरच्या ताटलीत पाणी घालून ठेवीत, भात आटत आला की झाकण थोडे कलते करीत. त्यांनी पदार्थविज्ञान वाचले नव्हते, परंतु वाफ कोंडावी किती आणि सोडावी किती हे प्रमाण त्यांच्या हातास पक्के ठाऊक होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा मागते. ही मागणी साधे झाकण दर क्षणास थोडीथोडी पुरी करीत असल्यामुळे, हजारो वर्षे मनुष्याने वाफेवर अन्न शिजविले तरी वाफेचे भय असे त्यास फारसे वाटले नाही.

ही स्थिती बदलली ती देनी पापँ या फ्रेंच विद्वानाच्या हातून. 1647 मध्ये ब्लोआ येथे जन्मलेला हा प्रॉटेस्टंट गृहस्थ पॅरिसमध्ये हायगेन्सचा आणि पुढे लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलचा साहाय्यक होता. 1679 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक विलक्षण पातेले मांडले. त्याचे झाकण स्क्रूने घट्ट आवळलेले असे. वाफ बाहेर जाऊ न दिल्यामुळे आतील दाब वाढे, दाबामुळे पाणी शंभर अंशांच्याही वर तापे आणि एरवी फेकून देण्याची हाडेदेखील त्यात मऊ होत. गरिबांस स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळावे, हा त्याचा हेतू होता. 1682 च्या एप्रिलात सोसायटीच्या सभासदांस या भांड्यात शिजविलेले जेवण मिळाले. त्या पंक्तीस जॉन एव्हलिन हजर होता आणि त्याने आपल्या रोजनिशीत त्याचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे.

परंतु आमच्या मते पापँचा खरा मोठेपणा घट्ट झाकणात नाही. झाकण आवळताच त्याने त्याचा जन्मसिद्ध गुण, म्हणजे वेळेवर उचलले जाणे, हिरावून घेतला होता. तो गुण त्यास दुसऱ्या रूपाने परत देणे भाग पडले. झाकणास एक लहानसे भोक, त्यावर झडप, झडपेवर एक दांडी आणि दांडीच्या टोकास वजन अशी योजना त्याने केली. 1681 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिचे वर्णन आहे. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जाई आणि वाफ निघून जाई. हीच ती सेफ्टी व्हॉल्व्ह. भांडे जाड करून वाफेशी झुंजण्याची बुद्धी कोणासही सुचली असती. तिच्यापुढे ठरलेल्या मापाने नमते घेण्याची बुद्धी पापँला सुचली. पुढे वाफेची एंजिने आली आणि त्या झडपेने असंख्य माणसांचे प्राण राखले. तिचा जनक मात्र 1713 च्या सुमारास लंडनमध्ये दारिद्र्यात मरण पावला.

ही वाट बुजविली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या रेल्वेच्या आरंभीच घडले. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे ‘बेस्ट फ्रेंड’ नावाचे एंजिन धावत असे. 17 जून 1831 रोजी झडपेतून सुटणाऱ्या वाफेच्या फूत्काराने त्रासलेल्या एका कामगाराने तो आवाज बंद करण्यासाठी झडप अडकवून टाकली, असे सांगतात. आवाज बंद झाला, परंतु थोड्याच वेळात बॉइलर फुटला आणि तो कामगार प्राणास मुकला. बिचाऱ्यास वाटले की, उपद्रव आवाजाचा आहे. तो आवाज आपल्या जिवाचा रखवालदार आहे, हे त्यास कोणी शिकविले नव्हते.

ही झडप पुढे भाषेतही शिरली. 1885 मध्ये मुंबईस भरलेल्या पहिल्या काँग्रेसविषयी लिहिताना, ह्यूमसाहेबांनी लोकांच्या असंतोषास वाट करून देण्यासाठीच ही संस्था काढली असे म्हणून लाला लजपतराय यांनी 1916 मध्ये हीच उपमा योजिली. पुढील इतिहासकारांनी ती उपपत्ती बरीचशी खोडून काढली, हे खरे. तरी स्वयंपाकाच्या एका भांड्याचा अवयव राजकारणाच्या वादास शब्द पुरवितो, यावरून त्या कल्पनेचा पसारा ध्यानात येईल.

असो. आता विसाव्या शतकाकडे वळू. 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी रडारसाठी मॅग्नेट्रॉनचा एक समर्थ प्रकार तयार केला आणि त्याच वर्षी तो अमेरिकेस नेण्यात आला. तेथे रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा, शालेय शिक्षणही पुरे न झालेला परंतु असामान्य बुद्धीचा यंत्रज्ञ त्यावर काम करीत होता. मॅग्नेट्रॉनजवळ उभे असता खिशातील मिठाई विरघळली, यावरून त्यास अन्न तापविण्याची युक्ती सुचली, अशी प्रसिद्ध कथा आहे. 8 ऑक्टोबर 1945 रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच कथेत पुढे असेही सांगतात की, त्याने मक्याचे दाणे फुलविले आणि नंतर एक सबंध अंडे तापविले, ते एका जिज्ञासू सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले. कथेत पदरचे थोडे असेलही, परंतु तिचे तात्पर्य अचूक आहे. मक्याचा दाणा काय किंवा अंडे काय, दोन्ही निसर्गाने घट्ट झाकलेली भांडीच; वाट नाही म्हणून फुटणारी. 1947 मध्ये विक्रीस आलेली पहिली भट्टी पुरुषभर उंच होती. घरात ओट्यावर बसेल असे तिचे रूप 1967 मध्ये आले.

या पेटीने एक जुनी गोष्ट नकळत पुन्हा घडवून आणली. धातू हे तरंग परतवून लावतो, म्हणून पितळेची किंवा स्टीलची थडथडणारी झाकणे येथे निरुपयोगी ठरली. त्यांच्या जागी काचेचे आणि प्लास्टिकचे डबे आले. त्यांची झाकणे रबरी कडा आणि कड्या लावून हवाबंद केलेली असतात, कारण तोच डबा शीतकपाटातही ठेवावयाचा असतो. म्हणजे पापँने मुद्दाम स्क्रू आवळून जे केले, ते आपण सोयीसाठी सहज करून बसलो. फरक इतकाच की, त्याने भोक ठेविले होते आणि आपण ते विसरतो. सच्छिद्र झाकण हे त्या विसरलेल्या झडपेचेच वंशज होय. डब्याच्या झाकणावरील इवलीशी टोपी उचलून ठेवणे किंवा झाकण एका कोपऱ्यास सैल करणे, एवढ्याने काम भागते.

यावर कोणी म्हणेल, मग झाकणच नको. तेही बरोबर नव्हे. हे तरंग अन्नात थोडेच खोल शिरतात आणि सर्वत्र सारखे लागत नाहीत. घासातील एक कण जीभ पोळतो आणि दुसरा थंड राहतो. झाकणाखाली धरलेली वाफ ही विषमता पुष्कळ कमी करते आणि अन्न कोरडे पडू देत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याने झाकण ठेवावे, पण वाफेस वाट द्यावी, असा जो उपदेश केला आहे त्याचे कारण हेच की, ओलसर उष्णतेने अपायकारक जंतू मरण्यास मदत होते. शिळे अन्न सर्वत्र 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापावे, असे ते खाते सांगते. त्यासाठी मध्ये एकदा ढवळावे आणि पेटी थांबल्यावर अन्न थोडा वेळ तसेच राहू द्यावे.

चुलीशी या पेटीची तुलना केली म्हणजे तिचा मुख्य दोष कळतो, तो म्हणजे तिचे मौन. चुलीवरचे झाकण वाजते, कुकर शिट्टी देतो, उतू जाणारे दूध डोळ्यांस दिसते. येथे ज्योत नाही आणि झाकणाची थडथडही नाही. शाळेतून आलेले मूल किंवा दुपारी घरी एकटे असलेले आजोबा बंद डबा आत ठेवतात, वेळ संपल्याची घंटी ऐकतात आणि तोंड जवळ नेऊन झाकण उघडतात. कोंडलेली वाफ त्या क्षणी चेहऱ्यावर येते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याहूनही कठोर असतो. सबब झाकण उघडताना ते आपल्यापासून दूरच्या बाजूने प्रथम उचलावे, ही गोष्ट मुलांस पाढ्यांइतकीच पाठ करून द्यावयास हवी.

पूर्वी हे ज्ञान हातातून हातात जाई. सासूने कलते केलेले झाकण सून पाही आणि शिके. पुस्तकाची गरज पडत नसे. नवीन यंत्रे घरात येतात तेव्हा भांडी बदलतात, हातांची सवय बदलते आणि ते अलिखित ज्ञान मधल्यामध्ये गळून पडते. वाफेचा स्वभाव मात्र पापँच्या काळी होता तसाच आजही आहे. यंत्र देणारा दुकानदार यंत्राबरोबर ती जुनी समज देत नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांनीच द्यावयाची असते.